पिशवीतले घावणे

अगो, आमच्या सुषमाचं सांगितलं का तुम्हाला? सावंतवाडीकडून वास्कोत नवीनच आली होती, माझ्या शेजारी. सारखी म्हणायची, "वयनी, हंय माका कोण वळखता? मी गावाक जातंय."

मी म्हटलं, "आधी दाराला पिशवी टांग. सकाळी पोदेर पाव घालून जाईल."

सकाळी पोदेर ओरडला, "बाये, पिशवीत घावणे कोणाक?"

सुषमा लाजली. "रिकामी पिशवी कशी देवची कोणाक?"

पोदेराने तिथेच एक घावण खाल्लं आणि पाव वाटता वाटता गल्लीभर सांगितलं. दुपारी तिच्या दारात बायका हजर. "आमकांय शिकय गो!" गावाला जाणं राहूनच गेलं.

आता ती मडगावला घर बांधून राहते. आमचा पोदेर मात्र माझ्या पिशवीत पाव घालण्याआधी अजून हात घालून बघतो.