नऊ परस

पत्नीच्या मृत्यूचा दाखला घ्यायला महापालिकेच्या कचेरीत रांगेत उभा होतो. पुढं विहिरी खणणारे म्हातारे पुंजाराम आणि त्यांच्या गल्लीतला केशव बोलत होते; गल्लीशेजारी होणाऱ्या टॉवरवर हरकत नोंदवायला आले होते.

“नवा टॉवर चाळीस मजल्यांचा आहे म्हणे, आबा.”

“जावई साठ म्हनतो. वर मकबऱ्यावानी घुमट.”

“घुमट कुठला? सगळी काच. दीडशे मीटर उंच.”

“म्हंजी किती परस?”

“परस?”

“हात वर करून उभा ऱ्हायलेला मानूस. इहीर तशीच मोजत्यात.”

“मग उंचीवरच हरकत घ्यायची ना?”

“उंचीशी मला काय करायचंय? शंभर मजले चढवा. पर पाया आपल्या गल्लीच्या इहिरीच्या खाली गेला की झरे तुटत्यात. नळाला आठ दिसांनी पानी. गल्ली त्या इहिरीवरच हाय.”

त्यांचा नंबर आला. बोलणं ऐकत बसलेले खिडकीतले साहेब म्हणाले, “बाबा, अर्जात विहिरीची खोली मीटरमध्ये लिहा. परस चालत नाही.”

“मंग टेप घेऊन चला, साहेब. मी आत उतरून हात वर करतो, तुमी मोजा.”

“या वयात?”

“व्हय. हरकत घेतल्याबिगर खिडकी सोडत नाय.”

साहेबांनी अर्ज पुढं ओढला. “किती परस आहे?”

“नऊ. आन् खनली तवा मी आतापेक्षा उंच व्हतो, तेबी लिवा.”