घाटाचं मीटर

बुलढाण्यातल्या सायकलच्या दुकानात भालचंद्र पंक्चर निघायची वाट पाहत बसला होता. शेजारी घामाने निथळलेले पोस्टमन शालिकराम मैल मोजणारं मीटर उलटसुलट करून पाहत होते. त्यांनी दुकानदाराला विचारलेला प्रश्न ऐकून नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या भालचंद्रचे कान टवकारले.

"याच्यात चढ दिसते का हो, शेटजी?"

"मैल दिसतात. चाक फिरलं का आकडा सरकला."

"घाटात उतरून ढकलत आनली तं?"

"तरी तेवढेच मैल."

"अन् उतारावर नुसता बसून आलो तं?"

"तेवढेच."

"मंग काय कामाचं? साहेबबी हेच म्हन्तात. आठच मैल तं हायेत, बदली काऊन पाह्यजे? घाटात छाती भरून येते, हे पटतच नाही त्याइले."

"उंचीचं यंत्र विमानात असते, भाऊ. सायकलले कोन लावते?"

असं यंत्र हवेच्या दाबावरून उंची सांगतं, हे भालचंद्रला आठवलं. तो ते सांगणार, तोच शालिकरामांनी मीटर परत ठेवलं.

"राहू द्या मंग मीटर. मांगचं कॅरियर पक्कं करा."

"काऊन?"

"उद्या साहेबाले बसवून घाट चढतो."

"अन् ढकलीन कोन?"

"मीच. पन एक डाव त्याले माहा दम तं आयकू येईन."