दाजी वाकले की शिंपल्या मिटतात

— नाही नाही मॅडम, गळ्याची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे — म्हणजे गळा दाजींचा धरा, माझा नको, आणि एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल, पण खरं. बसा ना. ती खुर्ची दाजींचीच, आजपासून तुमची. मी पंपावरचा माणूस, मला स्टूल पुरे. तर ही टाकी, आणि या आठ शिंपल्या. खाडीचं पाणी या लोखंडी पाइपातून सारखं त्यांच्या अंगावरून जातं. प्रत्येकीच्या पाठीवर वायर चिकटवलीय — उघडी का मिटलेली, ते पडद्यावर दिसतं. पाणी बरं असलं की आ वासून बसतात, वरच्या कारखान्यांतून विष सुटलं की मिटतात. पाच एकदम मिटल्या की सायरन, आणि खाडीत जो कोणी असेल त्याने बाहेर पळायचं. अख्ख्या खात्यात कामाला लागलेल्या एवढ्याच.

आपली पैज लक्षात आहे ना? दारातच लागली — तुम्ही वाकलात आणि मिटल्या, तर चहा तुमच्याकडून. तुम्ही हसलात. दाजीही हसले होते पहिल्यांदा.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. तुमच्या जागेवर तेच साहेब होते, मला इथे चिकटवलं तेही त्यांनीच — उपकार हो, मोठे उपकार, रोज जेवताना पहिल्या घासाआधी आठवण करून द्यायचे. माणूस टापटीप. भांग फूटपट्टीने पाडल्यासारखा. शिंपल्यांना 'बायांनो' म्हणायचे. तर एक दिवस दाजी टाकीवर वाकले आणि आठही बाया फटकन मिटल्या. सायरन. खाडीतली माणसं अर्ध्या कपड्यांत पळाली. पाणी तपासलं — स्वच्छ. दुसऱ्या दिवशी वाकले, पुन्हा तेच. मी वाकलो — उघड्या. झाडूवाली मावशी वाकली — उघड्या. दाजी वाकले — फट्. आता कारण म्हणाल, तर शिंपली बिचारी भित्री, टेबलाखालून पाइपाला नुसतं बुटाचं टोक लागलं तरी मिटते — लागत असेल कुणाचं तरी, टेबलाखाली डोकावायला मला कुठे वेळ आहे. पण दाजींनी काय डोक्यात घेतलं? की दोष आपल्या अंगातच आहे.

आधी अत्तर सोडलं. मग साबण बदलले. मग तिखट-मीठ सोडलं, नुसतं उकडलेलं गिळायला लागले. डॉक्टर म्हणाला, ठणठणीत आहात — तर दाजी म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, शिंपल्यांना कळतं. मावशी त्यांचा कप उंबऱ्यावर ठेवून लांबूनच हाक मारायची. ताईला — ताईला मी सांगणारच होतो, खरंच, तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात तीच म्हणाली, "मला तर लग्न झाल्यापासून येतो वास," आणि उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. आता नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला पडू? शेवटी दाजींनी पक्कड आणली आणि सायरनची वायर स्वतःच कापली. माझ्यापायी लोकांची रोज पळापळ नको, म्हणाले. त्याच दिवशी राजीनामा. वायर अजून तशीच आहे, खात्याकडे अर्ज गेलाय.

गेले कुठे? जातात कुठे, खिडकीतून बघा ना. तो छातीभर पाण्यात पाठ घासतोय, तेच. रोज येतात. अंगातलं सगळं निघालं की पुन्हा कामावर रुजू होणार आहेत. घासून झालं की हात वर करून इकडे बघतात. बाया उघड्या असतील तर मी पांढरं फडकं दाखवायचं, म्हणजे ते बाहेर. मिटलेल्या असतील तर लाल — म्हणजे घाण शिल्लक आहे, अजून खोल जाऊन घासा. मी आपलं लालच दाखवतो. पहिल्या दिवशी घोट्याएवढ्या पाण्यात होते, इतकं हसलो मी.

हं, वाका आता. वाका हो, चावत नाहीत —

मिटल्या. आठही. बघा, म्हटलं होतं ना? — टेबलाखाली काय बघताय मॅडम? पाय वर आहेत माझे, मघापासून मांडी घालून बसलोय. हे बघा, बूटही काढलेत. आज तर मी पाय लावलाच नाही. तुमच्या पहिल्याच दिवशी कशाला, म्हटलं.

उघडतील. लगेच उघडतात त्या, मी मोजत नाही कधी, पण लगेच.

सायरन कुठून वाजणार, वायर कापलीय म्हटलं ना. हाका मारून उपयोग नाही, वारा उलटा आहे, आणि ऐकू गेलं तरी 'मिटल्या' म्हटलं की ते आणखी आत जाणार. झालं, हात वर केलाय त्यांनी. बघतायत इकडे. लाल? लाल नाही, मलाही कळतं तेवढं. पांढरं दाखव म्हणता, बरोबर आहे तुमचं, पांढरं दाखवलं की येतील बाहेर — पण मॅडम, पांढरं कधी लागलंच नाही. ठेवलंच नाही कधी.

अहो, पळता कुठे? दुसरी पायरी सैल आहे, जपून. आणि मॅडम — शिंपल्या मिटल्या त्या मिटल्या, कशाने का मिटेनात, पैज माझी. चहाचे पैसे टेबलावर ठेवून जा.