बुधवारचं गाणं

फ्रान्समधल्या आरास गावच्या भट्टीपुढे पाव भाजायला रांग लागली होती. पुढे मायसेंत आणि तिची शेजारीण ओडिएर्न बोलताना दिसताच गाणी रचणाऱ्या लांबेरनं टोपी नाकापर्यंत ओढली आणि कान टवकारले.

“मायसेंत, परवा मेजवानीत तुझ्या नवऱ्यानं काय सूर धरला गं! एकच लॅटिन शब्द, पण संपता संपेना.”

“देवाचं नाव ते, ओडिएर्न. डोळे मिटूनच गातात हे.”

“आणि त्याच वेळी त्यावर वरच्या पट्टीत ते दोघे गवई आपल्या भाषेत काय गात होते? ‘गालावर तीळवाली माझी सखी, नवरा तिचा संशयी म्हातारा, बुधवारी ये गं पाणचक्कीमागे!’ खाली देवाचं नाव आणि वर हे चाळे!”

“ऐकलं मी.”

“अगं, तसा तीळ गावात तुलाच आहे!”

“असेल.”

“त्याला कळलं तर?”

“कळतंय कुठलं! सगळा जीव त्या एका शब्दात.”

“मी सांगू?”

“नको गं बाई. ह्यांनी सूर सोडला, तर वरच्यांनी कशाच्या आधारावर गायचं?”

लांबेरनं टोपी आणखी खाली ओढली. मायसेंत सावकाश मागे वळली.

“लांबेरबुवा, गाण्यातला बुधवार तेवढा बदला. मठात गायला हे गुरुवारी जातात.”