कोच हॉगे यांचं फाटक आणि कोच हॉगे यांचा हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा मंडळाचे प्रमुख माननीय गॉर्डन ट्वेटन, व्यासपीठावर बसलेले समर्थक मंडळाचे अध्यक्ष आणि माझा शाळूसोबती डेल रटिंग, सत्कारमूर्ती कोच वर्लिन हॉगे, त्यांच्या पत्नी मार्लिसबाई, आणि हार्लन फोर्क्सच्या समस्त बंधुभगिनींनो...

माईक जवळ घेऊ? बरं. आता येतंय ना ऐकू? मागच्या टेबलांवर बटाट्याची हॉटडिश अजून पोहोचली नाही म्हणतात. येईल, धीर धरा. धीर धरायची सवय आपल्याला कोचनीच लावली आहे.

मला दोन मिनिटं दिली आहेत आणि "डुएन, चार गोड शब्द बोल" असं बजावून दिली आहेत. मी शाळेच्या या फुटबॉल संघाचा सहायक कोच. पुढच्या फळीतल्या धिप्पाड पोरांना धक्के मारायला शिकवतो. गोड बोलणं हा माझा प्रांत नाही, तरी प्रयत्न करतो.

माझ्याआधी चार वक्ते बोलले आणि चौघेही 'फाटका'वर बोलले. साहजिकच आहे. सगळा देश पुढची फळी सरळ रेषेत उभी करत होता, तेव्हा या माणसाने ती तिरकी लावली, गोठ्याचं फाटक अर्धवट उघडं राहावं तशी. पहिल्या वर्षी सगळा जिल्हा हसला. दुसऱ्या वर्षी हसू थांबलं. तिसऱ्या वर्षी मोठमोठ्या कॉलेजांचे कोच आपल्या या बर्फात कुडकुडत उभे राहून आपली पोरं बघत होते. आता हे मागे लावलेलं कापड बघा. केवढं मोठं फाटक रंगवलंय! छान आहे. ज्याने रंगवलं त्याचं अभिनंदन.

पण मंडळी, मला एक सांगा. या माणसाने आयुष्यात फक्त फाटकच केलं का? दुसऱ्या गोष्टीचं नाव काढताना चौघांचीही जीभ का अडखळली? मी काढतो. हात. कोच हॉगे यांचा हात!

पोरांनो, तुम्हाला माहीत आहे, पण पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्याकडे सरावाच्या पहिल्या दिवशी चेंडू बाहेर निघत नाही. पोरं जोडीने उभी राहतात. एकाने दुसऱ्याच्या शिरस्त्राणावर एक हात ठेवायचा आणि दुसरा वर करायचा. अर्थ एवढाच, की मार लागून याचं डोकं ठिकाणावर नाही, याला बाहेर घ्या. हात वर झाला की कोच त्या खेळाडूला बाहेर घेणार. का, कशावरून, कुणी विचारायचं नाही. हात करणाऱ्याने कारण द्यायचं नाही. आणि नंतर त्याला कुणी टोमणा मारायचा नाही. कारण बाकावरून आम्हाला दिसत नाही ते शेजारी उभ्या असलेल्या पोराला दिसतं. इतकी साधी गोष्ट. फाटक देशभर गेलं, हात मात्र कुणी नेला नाही. आणि आता तो इथूनही हाकलायचा घाट घातला आहे.

गॉर्डनसाहेब, घड्याळाकडे बघू नका. चिठ्ठ्याही पाठवू नका, माझा चष्मा गाडीत राहिलाय.

उपांत्य सामना आठवतो ना? न आठवून सांगता कुणाला, महिना झाला, चर्चमध्येसुद्धा दुसरा विषय नाही. शेवटची काही मिनिटं. चेंडू आपल्याकडे. आपल्या चाली चालवणारा क्वार्टरबॅक कोल्बी, म्हणजे डेलचा थोरला, दणकून पडला, उठला आणि सरळ जाऊन प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात उभा राहिला. त्यांच्या पोरांच्या खांद्यावर हात टाकून, पुढची चाल ऐकायला! अख्खं मैदान हसलं. मीसुद्धा हसलो. डेल, तूसुद्धा हसलास. एकटा ओवेन ब्रॅके हसला नाही. कोल्बीच्या हातात चेंडू देणारा आपला सेंटर, त्याचा बालवाडीपासूनचा दोस्त. तो गेला, कोल्बीला घेऊन आला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा हात वर केला.

कोचनी कोल्बीला बाहेर घेतलं. आपण हरलो. झालं एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या कॅफेत मी कोच आणि डेल यांच्या मधे बसलो होतो. डेलने कप आपटला.

"कोच, एका पोराने हात वर केला म्हणून तुम्ही सामना देऊन टाकलात!"

"हो, टाकला."

"निदान माझ्या पोराला विचारायचं तरी!"

"काय म्हणाला असता तो?"

"मी बरा आहे म्हणाला असता!"

"सगळे तेच म्हणतात, डेल. माझा भाऊही तेच म्हणायचा."

कोचच्या भावाचं मैदानात काय झालं, त्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. मीही बोलणार नाही. मार्लिसबाईंनी मान खाली घातली आहे, तेवढं पुरे.

मग डॉक्टर म्हणाले, मार सौम्य आहे, पोरगा महिन्याभरात ठणठणीत होईल. आणि झालाही. तो बघा, तिकडे दुसऱ्यांदा ॲपल पाय वाढून घेतोय. घे बाळा, पोटभर घे. पण गावाने याचा अर्थ काय काढला? "बघा, काही झालंच नाही! उगाच बाहेर काढला!" अहो, काही झालं नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप! हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. जिंकलेला सामना फलकावर झळकतो. न झालेली इजा कुठे लिहिणार? तिचा चषक कुठल्या कपाटात ठेवणार?

आणि ओवेनला आपण काय दिलं? त्याच्या आईने चर्चच्या कॉफीला लिंबाच्या वड्या करून आणल्या. हार्लन फोर्क्समध्ये लिंबाच्या वड्या कधी उरल्या आहेत का? ताट जसंच्या तसं परत गेलं. मी बघत होतो. मला माझ्या गावाची लाज वाटली, स्पष्ट सांगतो.

कोच 'स्वेच्छेने' निवृत्त होताहेत असं निमंत्रणात छापलंय. असेल बुवा! मी एवढंच सांगतो, की गेल्या मंगळवारी शाळा मंडळाने मलाही बोलावलं होतं. "डुएन, मुख्य कोच हो. फाटक ठेव, हात काढून टाक." उत्तर आज हवंय. मी कोचना विचारलं. म्हणाले, "घे नोकरी. भांडू नकोस. तू नाही घेतलीस तर भलताच कुणीतरी येईल." वर्लिन, तीस-बत्तीस वर्षं तुझं ऐकत आलो. आज अर्धंच ऐकतो.

नोकरी मी घेतो. हात राहील.

नाही, गॉर्डनसाहेब, बसा. अजून एकच वाक्य. म्हणजे दोन.

डेल, कोल्बी यंदा शाळेतून बाहेर पडतोय. तुझा धाकटा, वेस्ली, पुढच्या हंगामात संघात येतोय. तो पडेल, उठेल, "मी बरा आहे" म्हणेल. तेव्हा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोराने हात वर करताना आधी तुझ्याकडे बघावं, तुझ्या रागाचा विचार करावा, असं तुला वाटत असेल तर आत्ता उठून सांग. इथे, सगळ्यांसमोर, वेस्लीच्या आईसमोर सांग. तू हो म्हणालास तर मी ही नोकरी इथेच सोडतो.

बोल ना. मी थांबतो.

...

बरं. मग ठरलं.

अध्यक्षांनी वेळ दिला, स्वयंपाकघरातल्या बायकांनी जेवू घातलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, मी मनापासून आभारी आहे. वर्लिन, तुझे आभार मानायला मला शब्द सुचत नाहीत, घरी येऊन मानेन. दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललो, आवाज चढला, एकदोघांना अरेतुरे केलं, त्याबद्दल हात जोडून माफी मागतो. जे बोललो त्याबद्दल मागत नाही.