पोर कडेवर घेतली म्हणून

बुऱ्हाणपूरच्या सरकारी दवाखान्यात हिमानी खोकणाऱ्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी जैनाबादच्या कोकिळाबाई आपल्या नणंदेशी, सिंधूशी बोलत होत्या.

"वहिनी, बीपी एवढा वाढला कशानं?"

"तुला मालूम नाही? मोबाइलवर आलं होतं ना, पोरं पळवणारी टोळी फिरते म्हणून. मी भूमिकाला कडेवर घेऊन तापीकडं निघाले, रोजच्यासारखी. वाटेत चार जणांनी अडवलं. म्हणे, कोणाची पोर?"

"मग सांगायचं ना, शेजारच्या अर्चनाची."

"सांगितलं. त्यांनी अर्चनाला बोलावलं. तिनं आल्या आल्या पोर हिसकावून घेतली. म्हणाली, मला न विचारता कुठं नेत होत्या?"

"अगं बाई! जन्मल्यापासून तुम्हीच तर तिला न्हाऊ घातलं."

"लोक व्हिडिओ काढत होते, सिंधू. वीस साल झाले मला त्या गल्लीत."

"आता काय म्हणते अर्चना?"

"परवा आली. चुकलं म्हणून रडली. मिलमध्ये ड्यूटी आहे, पोरीला सांभाळा म्हणाली."

"मग?"

"नाही म्हटलं. तिचा राग नाही गं. मला पोरीचीच भीती वाटते आता. चार वर्षांच्या पोरीची."

तेवढ्यात चिठ्ठीच्या खिडकीवर हिमानीचा नंबर आला. ती उठली आणि कोकिळाबाईंकडं वळली.

"आजी, हिला जरा घेता?"

कोकिळाबाईंनी आधी आजूबाजूच्या माणसांकडं पाहिलं.

"घेते. पण बेटा, सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा सांग, तूच दिली म्हणून."