देवांगची अपॉइंटमेंट

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोतल्या क्लिनिकात माझ्या मागच्या खुर्च्यांवर एक नवरा-बायको बसले होते. इथे मराठी कुणाला कळतंय, अशा भरवशावर त्यांचं चाललं होतं.

"जिमवाल्याने दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तू अजून घेतोयस?"

"हळू बोल ना, कादंबरी."

"डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी काय सांगितलं होतं? बाहेरून हार्मोन घेतलं की शरीर शुक्राणू बनवायचंच थांबवतं. म्हणून तुझा काउंट शून्य आलाय, देवांग. शून्य!"

"कमी केली होती गं. एकदम बंद केली की फार गळून जायला होतं यार."

"मग तसं त्यांना सांगायचं! ते दुसरं औषध देणार होते. तू दंड फुगवत बस, आणि मी दोन वर्षं तुझ्या आईंनी पाठवलेले काढे पितेय."

"आईला सांगणार आहे मी. जरा वेळ बघून."

"दिवाळीतही हेच म्हणालास. घे, वाजतोय फोन. आईच आहेत. आली बघ वेळ."

"हॅलो, आई... हो, डॉक्टरकडेच आलोय... हो गं, तिलाच दाखवायला... घेते, काढा रोज घेते ती."

दारातून नर्सने हाक मारली, "देवांग?"

"कादंबरी, ऊठ ना. चल."

"मी कशाला? हाक तुला मारलीय. तू जा. आणि फोन दे इकडे, आईंना मी सांगते."